ताडपत्रीखालचे रोडगे

बाबाराव गिऱ्हेपुंजे यांनी इतवारीतून सहा शिट्ट्या विकत आणल्या तेव्हा घरात कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य आदल्या दिवशीच, त्यांनी दोरखंड आणला तेव्हा, वाटून झालं होतं.

"शिट्टी हरवलेल्या माणसानं वाजवाची असते," बाबारावांनी प्रत्येकाच्या हातात एकेक ठेवत सांगितलं. "तीनदा वाजवली का समजाचं, माणूस संकटात हाये."

"हरवणार कोण हाये पण?" जिजाबाईंनी विचारलं.

"थे आधी समजत असतं तं एकच आणली असती ना वं."

या बोलण्यात तर्क होता, आणि बाबारावांच्या बोलण्यात तर्क सापडला की घरातली माणसं सावध होतात. भांड्यांच्या दुकानात चाळीस वर्षं बसलेला हा गृहस्थ. गिऱ्हाइकानं डबा मागितला तर झाकणाचा, कडीचा आणि डब्याच्या भवितव्याचा विचार करून मगच माळ्यावर चढणारा. असा माणूस सुरक्षिततेच्या मागे लागला की सुरक्षिततेलाच पळायला जागा उरत नाही.

प्रकरण होतं रोडग्यांचं. दरवर्षी श्रावणात गिऱ्हेपुंज्यांचे रोडगे कुहीच्या पुढच्या महादेवाच्या टेकडीवर होत. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, महादेवाला नैवेद्य दाखवायचा, आणि मग वांग्याच्या भाजीबरोबर, तुपात बुडवून, माणसाला उठता येणार नाही इतके खायचे. जिजाबाईंचा नवस होता तो. लग्नानंतर बरीच वर्षं वाट पाहून मुलगा झाला, तेव्हा त्यांनी डोंगरावर भाजलेला रोडगा देवाला कबूल केला होता, दरवर्षी, जिवात जीव असेतो.

तो मुलगा म्हणजे दुर्गेश. आता तो दुकानाच्या गल्ल्यावर बसत होता आणि त्याला मतं फुटली होती. गेल्या वर्षी टेकडीवर अचानक ढग उतरला. दुर्गेशची बायको करिष्मा आणि बाबारावांची बहीण पंचफुला देवळाच्या मागच्या बाजूला एकमेकींना शोधत गोल फिरत राहिल्या. त्यांच्यातलं जुनं भांडण मध्येच सुरू झालं, त्या आवाजावरून सापडल्या. दुर्गेश स्वतः उतरताना शेवाळावरून घसरला आणि पुढं बरेच दिवस गल्ल्यावर रबरी चकतीवर बसून हिशेब करत होता. त्या चकतीवरच त्याचं मत तयार झालं.

"बाबा, यंदा शेवटचा चान्स," तो म्हणाला. "कोणी हरवलं, पडलं, का ओलं झालं, तं पुढच्या वर्षीपासून रोडगे लॉनवर. माह्या दोस्ताचं, प्रीतमचं, लग्नाचं लॉन हाये ना. पार्किंग हाये, पंखे हायेत, केटररच रोडगे बनवून देते. टेन्शन नाही."

जिजाबाईंनी ताट पुढं सारलं आणि उठल्या. ज्या पोरासाठी डोंगर कबूल केला तोच पोरगा डोंगर रद्द करायला निघाला होता, यावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बाबारावांना सोपं गेलं असतं. त्या मोरीत गेल्या आणि आधीच घासलेली कढई पुन्हा घासू लागल्या. तो आवाज ऐकून बाबारावांनी जाहीर केलं, "यंदा एक थेंब लागू देत नाही कोणाले. लिहून घे."

दुर्गेशनं लिहून घेतलं नाही, पण करिष्मानं मोबाइलवर रेकॉर्ड केलं.

तयारी सुरू झाल्याची बातमी कॉलनीत पसरली आणि सल्ले येऊ लागले. लकडगंजच्या अंगाला असलेल्या या कॉलनीत सल्ला मागावा लागत नाही. फाटक उघडं दिसलं की तो आत येतो. सगळ्यांत मोठा सल्लागार म्हणजे शेजारचे भैय्याजी तितरमारे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर पडून गेलेलं पाणी मोजण्यात घालवल्यामुळं पडणाऱ्या पाण्यावर आपला अधिकार आहे असं ते मानत. शिवाय रोडग्यांबरोबरची वांग्याची भाजी दरवर्षी त्यांच्याच हातची असे, म्हणून ते या यात्रेत घरचेच.

"आभाळाचा भरोसा नाही गा बाबाराव," भैय्याजी म्हणाले. "नागपुरात ऊन राहाते, कुहीत पाणी, अन डोंगरावर दोन्ही. आपुन तिन्हीची तयारी ठेवाची."

दुर्गेशनं मोबाइल पाहून सांगितलं, पावसाची शक्यता चाळीस टक्के.

बाबाराव विचारात पडले. टक्के हा त्यांचा प्रांत होता. "आपुन सहा जण. सहाचे चाळीस टक्के म्हणजे दोन माणसं पुरी अन तिसऱ्याचे पाय. म्हणजे तीन ताडपत्र्या नको, एक मोठी पुरे. पण कोण तीन, थे आताच ठरवलं पाय्जे."

"बाबा, टक्के असे नसतात," दुर्गेश म्हणाला.

"मंग कसे असतात?"

दुर्गेशनं बराच वेळ समजावून सांगितलं. ऐकून झाल्यावर बाबाराव म्हणाले, "म्हणजे पाऊस येईल नाही तं नाही येणार. हे तं मले मोबाइल नसतानाही समजत होतं." आणि ते ताडपत्री आणायला गेले. ती इतकी मोठी निघाली, की ऑटोवाल्यानं आत ताडपत्रीला बसवलं आणि बाबारावांना आपल्या बाजूला.

नव्या आणलेल्या रेनकोटांची चाचणी गच्चीवर झाली. बाबाराव स्वतः रेनकोट घालून मध्ये उभे राहिले आणि दुर्गेशनं टाकीच्या नळाला लावलेला पाइप त्यांच्यावर धरला. वडिलांवर पाणी मारायचं काम त्यानं जरा जास्तच मन लावून केलं, असं करिष्माचं निरीक्षण आहे. निष्कर्ष असा निघाला, की रेनकोट बाहेरचं पाणी आत घेतो आणि एकदा आत घेतलं की बाहेर सोडत नाही. त्या हिशेबानं तो बादलीच्या जातीचा होता. पण बादली म्हणून तरी त्याचा दर्जा चांगला आहे, असं बाबाराव म्हणाले, आणि तो बदलून आणायचं राहूनच गेलं.

खरी अडचण दोरीनं केली. धुकं आलं तर सगळ्यांनी एका दोरीला बांधून चालायचं, ही भैय्याजींची सूचना बाबारावांना फार आवडली. कॉलनीच्या मैदानावर तालीम ठेवली. तिथं प्रश्न आला: कोणामागं कोणाला बांधायचं? कुहीहून मुद्दाम आलेली पंचफुला म्हणाली, "मी करिष्माच्या मागं नाही राहात. मागच्या साली तिनंच मले फिरवलं." करिष्मा म्हणाली, आत्याबाई पुढं असतील तर ती डोळे मिटून चालेल, कारण उघडे ठेवून उपयोग नाही. मध्ये जिजाबाईंना घालावं, तर नणंद-भावजयीच्या मध्ये हातभर दोरी राहते आणि तेवढं अंतर गेल्या पस्तीस वर्षांत पुरलेलं नाही. भैय्याजींनी शेवटी स्वतःला मध्ये बांधून घेतलं. तेवढ्यात पंचफुलेनं गाठ आवळली म्हणून करिष्मानं शिट्टी तीनदा वाजवली, कॉलनीचा चौकीदार काठी घेऊन धावत आला, आणि सहा प्रतिष्ठित माणसं एका दोरीला बांधलेली पाहून त्यानं आधी अध्यक्षांना फोन केला.

त्यानंतर परवानगी. "जंगलाची हद्द हाये, जाळ कराचा म्हणजे विचारून घ्यावं लागते," भैय्याजी म्हणाले. "मी खात्यात होतो. मले रीत माहीत हाये." रीत त्यांना माहीत होती, फक्त ती दुसऱ्या खात्याची होती. दोघं वनखात्याच्या ज्या कार्यालयात गेले तिथल्या बाबूंनी चष्मा काढून विचारलं, "टेकडीवर काय करणार?"

"चढणार," बाबाराव म्हणाले.

"मग?"

"उतरणार."

"मग परवानगी कशाची?"

"मध्ये रोडगे हायेत जी."

बाबूंचा चेहरा खुलला. त्यांच्याही घरी रोडगे होत असावेत. पण कामाला लागल्यावर ते गंभीर झाले. देवाचा कार्यक्रम असेल तर ग्रामपंचायतीला विचारा. सहल असेल तर विचारायचं कारण नाही. जाळ असेल तर आम्हाला विचारायचं, पण जंगलात वणवा उन्हाळ्यात लागतो. पावसाळ्यात लागत नाही, म्हणून पावसाळ्यात जाळाच्या परवानगीचा विचार होत नाही.

"म्हणजे चालते?"

"चालते असं कोण म्हणालं? विचार होत नाही असं म्हणालो."

बाबारावांचा स्वाभिमान दुखावला. चाळीस वर्षं ते गिऱ्हाइकांना असंच बोलत आले होते, पण आपल्याला कोणी असं बोलेल हे त्यांनी गृहीत धरलं नव्हतं. निघताना मात्र बाबू आपण होऊन म्हणाले, "जमिनीवर जाळ नका करू, काका. भांड्यात करा. भांडं उचलून आणा. खाली राख दिसली नाही म्हणजे मीही काही पाहिलं नाही."

भांडं! बाबारावांना बोट धरून स्वर्गात नेल्यासारखं झालं. सुरक्षिततेची वाट अखेर त्यांच्याच दुकानातून जात होती. लग्नाच्या जेवणावळीला भाड्यानं देतात ती लोखंडी कढई त्यांनी काढली. दोन्ही कड्यांतून बांबू घातला, की पुढं दुर्गेश आणि मागं भैय्याजी, अशी ती पालखीसारखी चालत असे. वर झाकण. झाकण सरकू नये म्हणून दोरखंड. दोरखंड कढईला लागल्यामुळं माणसांना बांधायचा प्रश्न सुटला आणि घरात शांतता झाली.

शेवटचा नियम बाबारावांनी निघायच्या आदल्या संध्याकाळी सांगितला. डोंगरावर माणूस फसतो तो "आणखी थोडंसं" म्हणताना. म्हणून दुपारी एक वाजता, कुठंही असू, काहीही करत असू, परत फिरायचं. सगळ्यांकडून शब्द घेतला. भैय्याजींनी पेन्शनची शपथ घेतली, त्याहून पवित्र त्यांच्याजवळ काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं होतं, की ताडपत्री पाहून गावातल्या लोकांनी विचारलं, "मंडप कोणाचा हाये जी?" टेकडीची चढण अर्ध्या-पाऊण तासाची. पण पंचफुलेनं महादेवाच्या डोंगरावर बूट घालायला नकार दिला, आणि पकड असलेल्या बुटांशिवाय एकही पाऊल नाही असं बाबारावांनी म्हटलं. शेवटी बूट नाडीनं गळ्यात अडकवून ती अनवाणी चढली. बूट सोबत असल्यामुळं नियमही मोडला नाही आणि देवही. कढई दर दहा पावलांना खाली ठेवावी लागत होती. पंचफुलेच्या घरच्या गोवऱ्यांचं पोतं दुर्गेशच्या पाठीवर होतं. दुर्गेश लॉनबद्दल मधून मधून बोलत होता, पण दम लागल्यामुळं वाक्यं पुरी होत नव्हती.

वर पोचून, कणीक मळून, रोडगे कढईतल्या विस्तवात घालेपर्यंत बारा वाजून गेले. भैय्याजींनी वांगी चिरून छोट्या पातेल्यात, त्याच विस्तवाच्या कडेला चढवली. जिजाबाई राखेत काडी फिरवून रोडगे उलटत होत्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला होता. तेवढ्यात पंचफुला म्हणाली, "भाऊ, आभाळ तं पाहा."

आभाळ कुहीच्या बाजूनं काळं झालं होतं आणि टेकडीकडं येत होतं. पहिले चार थेंब पडले, आणि त्या क्षणी सुरक्षिततेची सगळी तालीम कामाला आली. सहाही जणांनी एकमेकांकडं न पाहता रेनकोट काढले आणि गोवऱ्यांच्या पोत्यावर टाकले. ताडपत्री उघडून कढईवर धरली. माणूस ओला झाला तर वाळतो. ओली गोवरी दुसऱ्या दिवशीपर्यंत धुमसते, हे या माणसांना शिकवावं लागत नाही. मग बाबारावांच्या लक्षात आलं, की पैज माणसांच्या ओलेपणावर आहे. "आत या! ताडपत्रीच्या आत या सगळे!" ते ओरडले. सगळे विस्तवाभोवती आत घुसले. थेंब वर वाजू लागले, आत कोणी ओलं नव्हतं. आत श्वासही नव्हता, पण त्याची अट नव्हती.

आणि बाबारावांच्या खिशात मोबाइलचा गजर वाजला. एक.

"रोडगे अर्धे कच्चे हायेत जी," जिजाबाई हळूच म्हणाल्या.

"थोडंसं थांबू ना गा," भैय्याजी म्हणाले. "वांगी आत्ता कुठं नरम होऊन राहिली."

बाबारावांनी बाहेर डोकावलं. देऊळ दिसेनासं झालं होतं. गेल्या वर्षीसारखाच ढग येऊन टेकडीवर बसला होता. थांबलं तर रोडगे होतील; पण वाट बुजेल, कोणी घसरेल आणि नवस लॉनवर जाईल. उतरलं तर सगळे नीट खाली जातील. पण ज्यासाठी आलो ते रोडगे कच्चेच राहतील. जिजाबाई त्यांच्या तोंडाकडं पाहत होत्या. भांड्यांच्या दुकानात चाळीस वर्षांत त्यांच्यावर असा प्रसंग आला नव्हता.

"परत फिराचं," बाबाराव म्हणाले. जिजाबाईंनी मान खाली घातली. "पण कढई नाही विझवाची. भांडं उचलून आणा, असं सायबानं सांगितलं हाये. जाळासकट नको, असं तं नाही सांगितलं."

मग ती मिरवणूक निघाली. मध्ये बांबूवर धगधगती कढई, पुढं दुर्गेश, मागं भैय्याजी. ताडपत्रीच्या चार कोपऱ्यांना बाबाराव, जिजाबाई, करिष्मा आणि पंचफुला. पंचफुलेच्या पायात आता मुकाट्यानं बूट. बाहेर धुकं होतं आणि आत धूर. दोन्हीकडं दिसत काही नव्हतं, पण धूर घरचा होता. "डावा पाय... दगड... उजवा..." बाबाराव खोकत खोकत सांगत होते. वीस पावलांवर कढई ठेवायची, जिजाबाईंनी झाकण उघडून रोडगे उलटायचे, सगळ्यांनी डोळे पुसायचे, पुन्हा उचलायची. करिष्माच्या कोपऱ्याला शेवाळ आलं तेव्हा पंचफुलेनं आपला हात तिच्या दंडाला घातला आणि म्हणाली, "धर वं. पडशीन तं ताडपत्री सुटन." यापेक्षा प्रेमाचं वाक्य तिनं करिष्माला आजवर म्हटलेलं नव्हतं.

पायथ्याशी धर्मेंद्र नावाचा वनरक्षक उभा होता. ढगातून एक निळी ताडपत्री बारा पायांनी धूर सोडत खाली येताना त्यानं पाहिली आणि शिट्टी वाजवली. आतून उत्तरादाखल सहा शिट्ट्या वाजल्या.

"काय हाय हे?" त्यानं विचारलं.

"रोडगे," ताडपत्री म्हणाली.

"डोंगरावर जाळ कराले मनाई हाये!"

बाबारावांनी डोकं बाहेर काढलं. तोंड काळं, डोळे लाल. "डोंगरावर कुठं हाये जी? जाळ इथं हाये. तुमच्या समोर."

धर्मेंद्रनं वर पाहिलं, खाली पाहिलं. डोंगरावर राख नव्हती. जाळ होता तो गावाच्या हद्दीत, आणि चालत आला होता. चालत आलेल्या जाळाचं काय करायचं हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. "भाजले का?" त्यानं शेवटी विचारलं.

गावातल्या समाजमंदिराच्या शेडमध्ये रोडगे भाजून झाले. एक बाजू काळी, एक सोनेरी, आत वाफ. पाऊसही थांबला. सगळे कोरडे, सगळे धडधाकट, सगळे हजर. बाबारावांनी दुर्गेशकडं पाहिलं. दुर्गेश रोडग्याकडं पाहत होता, तेव्हा नैतिक विजय झाल्यासारखाच होता. तेवढ्यात पंचफुला म्हणाली, "पण वहिनी, हे डोंगरावर भाजले का खाली?"



"चढवले डोंगरावर," जिजाबाई विचार करून म्हणाल्या. "खाली नुसते पिकले. देव घेईन. पण देव वर हाये, अन नैवेद्य दाखवाचा राह्यलाच."

वर आभाळ धुतल्यासारखं निळं झालं होतं. टेकडी लख्ख दिसत होती. जिजाबाईंनी पाच रोडगे कापडात बांधले आणि उठल्या. त्यांच्यामागं पंचफुला, करिष्मा, काय होईल ते होवो म्हणत भैय्याजी, आणि सगळ्यांना आश्चर्य म्हणजे ताडपत्री खांद्यावर टाकून दुर्गेश. "तुमी नाही येत?" जिजाबाईंनी विचारलं.

बाबारावांचे गुडघे एव्हाना त्यांचे राहिले नव्हते. पण हे मालाच्या दोषासारखं होतं, आपण होऊन सांगायचं नसतं. "कोण कोण वर गेलं हे माहीत असणारा एक माणूस खाली लागतो," ते म्हणाले. "सेफ्टी हाये ते."

शेडमधून टेकडीची सगळी वाट दिसत नव्हती म्हणून ते समोरच्या उघड्या, गवत माजलेल्या शेतात जाऊन उभे राहिले. पाच ठिपके वर सरकताना दिसत होते. ते पुन्हा पुन्हा मोजत होते. ठिपके देवळाशी पोचले आणि घंटा वाजली, तेव्हा एक ढग टेकडीला वळसा घालून सरळ खाली आला आणि नेमका त्या शेतावर रिकामा झाला. ताडपत्री वर होती. रेनकोट शेडमध्ये, गोवऱ्यांच्या पोत्यावर होते. धर्मेंद्र शेडमधून हाका मारत होता, पण जागा सोडली तर मोजणी चुकली असती. बाबाराव हलले नाहीत. बनियनपर्यंत भिजले, बनियनच्या आतही भिजले.

मंडळी उन्हातून हसत खाली उतरली तेव्हा ते शेताच्या मधोमध पाणी गाळत उभे होते.

"बाबा," दुर्गेश म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पोरकटपणा नव्हता, फक्त व्यवहार होता. "एक माणूस ओला झाला."

जिजाबाईंचं हसू थांबलं. करिष्मानं मोबाइल काढला.

बाबारावांनी नाकावरून ओघळणारं पाणी पुसलं. "डोंगरावर किती गेले होते?"

"पाच."

"ओले किती?"

"एकही नाही."

"अन ओला झाला तो कुठं होता? सपाट जमिनीवर. आजूबाजूले गवत, मधात उभा. येले काय म्हणतात माहीत हाये का तुले? लॉन." त्यांनी जोरात शिंक दिली. "आता तूच सांग, धोका कुठं हाये?"

 गल्ल्यावर बसायला लागल्यापासून बापाचा हिशेब दुर्गेशला पहिल्यांदाच बिनचूक लागला होता. तो बाजूला गेला आणि प्रीतमला फोन लावून म्हणाला, पुढच्या वर्षीची धरून ठेवलेली तारीख दुसऱ्या कोणाला देऊन टाक.

जिजाबाईंनी पदरानं नवऱ्याचं डोकं पुसलं, चारचौघांत, कोणाची पर्वा न करता. देवापुढून आणलेला रोडगा त्यांच्या हातात दिला. बाबाराव विजयी मुद्रेनं त्याचा पहिला घास घेत होते, तेव्हा त्या मायेनं म्हणाल्या, "पुढच्या सालापासून तुमी खालीच थांबत जा जी. तुमी नसले तं वर लय लवकर पोचतो आमी."

बाबारावांनी घास पूर्ण चावला, गिळला, आणि याबद्दल घरी जाऊन विचार करू असं म्हणाले.